दहावा डबा कुठून आणायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारच्या आपल्या विद्यार्थी पुरवणीत बारावी वाणिज्यच्या मुलांसाठी लिनिअर प्रोग्रॅमिंगचे (म्हणजे दिलेल्या अटी पाळून जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढायच्या गणिताचे) एक सोडवलेले उदाहरण आले आहे. उदाहरण मला आवडले. वर्षानुवर्षे गाइडांतून फिरणाऱ्या त्या पंखे-शिलाई मशिनवाल्या दुकानदारापेक्षा (पंखा ३६० रुपयांना, मशिन २४० रुपयांना, खिशात ५,७६० रुपये आणि २० नगांपुरती जागा) हे कितीतरी ताजे आहे. ३६० रुपयांत आज धड पंख्याची पातीही येत नाहीत, तरी तो बिचारा अजून ८ पंखे आणि १२ मशिने विकून ३९२ रुपये नफा कमावतोच आहे.

तुमच्या उदाहरणात एक बचत गट दिवाळीच्या फराळाचे दोन तऱ्हेचे डबे भरतो. तिखटाच्या डब्यात २ किलो चिवडा आणि १ किलो लाडू, गोडाच्या डब्यात १ किलो चिवडा आणि २ किलो लाडू. तयार माल आहे १६ किलो चिवडा आणि १४ किलो लाडू. रिकामे डबे ९. तिखटाच्या डब्यामागे नफा ४० रुपये, गोडाच्या डब्यामागे ५०. (दोन किलो चिवडा मावेल एवढा डबा म्हणजे केवढा, हे विचारायचे नाही. गणितातल्या डब्यांत सगळे मावते.) नफा जास्तीत जास्त व्हायला कोणते डबे किती भरावेत? पुरवणीचे उत्तर: तिखटाचे ६, गोडाचे ४, नफा ४४० रुपये.

आता हे उत्तर उदाहरणातल्या अटींत घालून पाहू. चिवडा लागला सहा दुणे बारा आणि चार, म्हणजे १६ किलो. होता तेवढा संपला. लाडू लागले सहा आणि चार दुणे आठ, म्हणजे १४ किलो. तेही संपले. डबे लागले सहा आणि चार दहा. गटाकडे आहेत नऊ.

दहावा डबा कुठून आणायचा, ते उत्तरात दिलेले नाही.

बरोबर उत्तर तिखटाचे ४ आणि गोडाचे ५ असे आहे. चिवडा १३ किलो, लाडू १४ किलो, डबे ९, नफा ४१० रुपये. तीन किलो चिवडा उरतो; तो गटातल्या बायकांनी वाटून घ्यावा.

छपाईत आकडे इकडचे तिकडे होतात म्हणून मी हे सोडूनही दिले असते. पण शेजारची मुलगी यंदा बारावी वाणिज्यला आहे. ती पुरवणीचे कात्रण आणि वही घेऊन आली. वहीत तिने स्वतः आधी ४, ५ आणि ४१० असेच उत्तर काढले होते. ते खोडरबराने पुसून त्यावर शाईने ६, ४ आणि ४४० लिहिले होते. पेन्सिलीचे आकडे खाली अजून दिसत होते. मी विचारले, “का गं, आधीचं का खोडलंस?” तर म्हणते, “पेपरात आलंय ना मॅडम. माझंच कुठंतरी चुकलं असणार.”

चूक छापून आली याचा मला फारसा राग नाही. बरोबर उत्तर हातात असलेल्या मुलीला ते बरोबर आहे हे ठरवता आले नाही, याचा आहे. तिने आलेख अगदी नेटका काढला होता. रेषा, छायांकन, कोपरे सगळे जागच्या जागी. फक्त आपले उत्तर आणि पुरवणीचे उत्तर मूळ अटींत घालून बघायचे, हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते. त्यासाठी ना मॅडम लागतात, ना गाइड, ना पेपर. पाढे यायला हवेत, बस्स. ते नसले की मग बाबा वाक्यं प्रमाणम्.

चूक कशी झाली असेल तेही सांगते, कारण अशी चूक मी उत्तरपत्रिकांत पुष्कळ पाहिली आहे. तिखटाचे डबे क्ष आणि गोडाचे य मानले तर अटी अशा होतात:

२क्ष + य ≤ १६ (चिवडा)
क्ष + २य ≤ १४ (लाडू)
क्ष + य ≤ ९ (डबे)
क्ष ≥ ०, य ≥ ०

सोडवणाऱ्याने चिवड्याची आणि लाडवाची रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू काढला. तो आला (६, ४). पूर्णांक आला, दोन्ही माल नेमका संपला, मन खूश झाले. पण दोन रेषांचा छेदनबिंदू त्या दोन अटींपुरता जामीन राहतो. तिसरीशी त्याचा काही करार नसतो. डब्यांची रेषा या बिंदूच्या अलीकडून जाते. एक सेंटिमीटरला एक डबा असे प्रमाण घेतले तर (६, ४) हा बिंदू त्या रेषेच्या बाहेर जेमतेम ७ मिलिमीटरवर पडतो. तुमच्या पुरवणीत एका कॉलमाच्या रुंदीत आलेख बसवताना त्या ७ मिलिमीटरचे दोनही उरले नाहीत, आणि त्यातले एक जाड रेषेने खाल्ले. डोळ्यांना तो बिंदू आतच वाटतो. आलेखाच्या भरवशावर राहिले की असे होते. आकडे घालून पाहिले की सहा आणि चार दहाच होतात, रेषा कितीही जाड असो.

समीकरणाच्या बाबतीत मुले पडताळा घेतात. नववीत दोन चलांतली एकसामयिक समीकरणे सोडवली की ‘डावी बाजू = उजवी बाजू’ लिहायची सवय लागलेली असते. असमानता (बरोबरऐवजी ≤, ≥ अशी चिन्हे असलेली अट) आली की ती सवय गळून पडते. कारण विचारले तर मुले सांगतात, “उत्तर एक असेल तर तपासू. इथं अख्खा भाग रंगवायचा असतो, त्यातले किती बिंदू तपासायचे?” प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर असे की प्रत्येक असमानतेसाठी रेषेवर नसलेला एक बिंदू पुरतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे अक्षरशः लागू पडते. २क्ष + य ही राशी कागदावर १६ पेक्षा कमीची १६ पेक्षा जास्त व्हायची तर वाटेत कुठेतरी बरोबर १६ व्हावीच लागते, आणि ती १६ होते फक्त त्या रेषेवर. म्हणजे रेषा न ओलांडता बाजू बदलता येत नाही. एका बाजूचा कुठलाही एक बिंदू अटीत बसला की ती सगळी बाजू बसली. नाही बसला की ती सगळी बाजू गेली.

हे ‘का’ शिकवायला मला एक तास लागायचा. क्लासवाले एका ओळीत उरकतात: “लहान-चिन्ह असेल तर ऑरिजिनकडे, मोठे-चिन्ह असेल तर ऑरिजिनपासून दूर.” (ऑरिजिन म्हणजे आलेखावरचा (०, ०) हा बिंदू.) शेकडो पेपरांत मी हे वाक्य ‘शेडिंग टुवर्ड्स ऑरिजिन’ अशा तीन शब्दांत वाचले आहे, पुढे बाणही काढलेला. पुस्तकातल्या बहुतेक उदाहरणांत ते चालून जाते, म्हणून तर ते टिकले आहे. पण २क्ष − य ≥ −४ ही अट घ्या. चिन्ह मोठ्याचे आहे, म्हणून मुलगा ऑरिजिनपासून दूरची बाजू रंगवून मोकळा होतो. (०, ०) घालून बघा: ० ≥ −४, खरे आहे. म्हणजे ऑरिजिनकडचीच बाजू हवी.

काही हुशार मुले आणखी पुढे जातात. उजवीकडचे ऋण चिन्ह डोळ्यांना खुपते म्हणून सगळीकडे −१ ने गुणतात आणि लिहितात: −२क्ष + य ≥ ४. ऋण संख्येने गुणले की ≥ चे ≤ करावे लागते, ते चिन्ह फिरवायचे राहून जाते. यानंतर त्यांनी कितीही काळजीने बिंदू तपासला तरी उपयोग नाही, कारण ते तपासतात आपणच बदललेल्या असमानतेत. म्हणून पडताळा घ्यायचा तो मूळ असमानतेत, प्रश्नपत्रिकेवर छापलेली आहे तिच्यात. (१, १) घ्या. मुळात: २ − १ = १, आणि १ ≥ −४ हे खरे. बदललेलीत: −२ + १ = −१, आणि −१ ≥ ४ हे खोटे. दोन्हींचा निकाल वेगळा आला की समजावे, मधल्या पायरीत काहीतरी सांडले. उत्तरपत्रिका तपासणीची नियामक असताना मी परीक्षकांना म्हणायचे की आलेख उलटा रंगवलेला दिसला तर आधी मागे जाऊन ऋण चिन्ह शोधा. दहातल्या आठ वेळा ते तिथेच सापडायचे.

आता या ऑरिजिनच्या मंत्राची खरी फजिती कुठे होते ते सांगते. त्यासाठी मला आमच्या गोठ्यात जावे लागेल. माझे धाकटे दीर म्हशी पाळतात. दुभत्या म्हशींच्या खुराकात मक्याचा भरडा आणि शेंगपेंड कालवतात. (कोंडा, मीठ, खनिज मिश्रणही घालतात, पण आपण दोन चलांतच राहू. तिसरे चल आले की कागद पुरत नाही.) मक्यात प्रथिने साधारण ९ टक्के, शेंगपेंडीत साधारण ४५ टक्के. मिश्रणात निदान १८ टक्के हवीत असे धरू. क्ष किलो भरडा आणि य किलो पेंड घेतली तर:

९क्ष + ४५य ≥ १८(क्ष + य)

सरळ केले की २७य ≥ ९क्ष, म्हणजे क्ष ≤ ३य. पेंडीच्या तिपटीहून जास्त भरडा घालायचा नाही. हे भावजींना शाळा न शिकता ठाऊक आहे. ते तीन घमेली भरडा आणि एक घमेले पेंड असे माप धरतात. मी एकदा म्हटले, “भावजी, घमेल्यानं नको, तागडीनं मोजा. भरड्याचं घमेलं आणि पेंडीचं घमेलं सारख्या वजनाचं नसतं.” तर म्हणाले, “वहिनी, म्हशीला तागडी दिसत नाही, दूध दिसतं.” ते असो.

या असमानतेत (०, ०) घालून बघा. ० ≤ ०. खरे! मुलगा लगेच लिहितो ‘टुवर्ड्स ऑरिजिन’ आणि मग पेन्सिल हातात धरून बसतो, कारण ऑरिजिन रेषेवरच आहे. मग ऑरिजिनकडे जायचे म्हणजे कुठल्या बाजूला? मग काही जण वरची बाजू रंगवतात, काही खालची, आणि एका पठ्ठ्याने दोन्ही रंगवलेल्या मी पाहिल्या आहेत. बिंदू रेषेवरचा असून चालत नाही, बाजूचा लागतो. (२, १) घ्या: २ ≤ ३, खरे. मूळ टक्क्यांत बघा: १८ आणि ४५ मिळून ६३, भागिले ३, म्हणजे २१ टक्के. छान. (४, १) घ्या: ४ ≤ ३, खोटे. टक्के: ३६ आणि ४५ मिळून ८१, भागिले ५, म्हणजे १६.२. कमी पडले. आणि (३, १) हा रेषेवरचा: ७२ भागिले ४, नेमके १८. अट ‘निदान १८’ अशी असल्याने तोही चालतो.

हा काही अपवाद म्हणून शोधून काढलेला प्रकार नाही. अमुक टक्क्यांपेक्षा कमी नको, तमुक टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी जी जी अट मिश्रणाला लागते तिची रेषा ऑरिजिनमधूनच जाते. पशुखाद्य, खत, रंग, सिमेंटचा माल, सगळीकडे हेच. म्हणजे जिथे या गणिताचा रोज उपयोग होतो तिथेच क्लासचा मंत्र मुका होतो.

रेषेवरच्या बिंदूंचे थोडक्यात. ३क्ष + २य < १२ मध्ये (२, ३) चालतो का? सहा आणि सहा बारा, १२ < १२ हे खोटे, नाही चालत. ≤ असते तर चालला असता. तुटक रेषा आणि सलग रेषा हा फरक एवढ्यासाठीच. बारावीच्या उदाहरणांत बहुधा ≤ आणि ≥ च येतात म्हणून मुले तुटक रेषा विसरूनच जातात.

आता पुन्हा फराळाकडे. एखादा वाचक म्हणेल, बाई, तुमचे (४, ५) अटींत बसते हे तुम्ही दाखवले. पण ते सर्वांत चांगले कशावरून? शंका अगदी योग्य आहे. अटींत घालून पाहिले की उत्तर चालते एवढेच कळते, उत्तम आहे की नाही ते कळत नाही. नेहमीची रीत म्हणजे अटींत बसणाऱ्या, रंगवलेल्या भागाचे सगळे कोपरे तपासा: (८, ०) ला ३२०, (७, २) ला ३८०, (४, ५) ला ४१०, (०, ७) ला ३५०, आणि (०, ०) ला अर्थात शून्य. पण कोपरा काढण्यातच चूक झाली असेल तर? पुरवणीत तेच तर झाले. म्हणून आलेखाला हातही न लावता ४४० अशक्य असल्याचे दाखवते. डब्यांची अट ३० ने गुणा आणि लाडवाची १० ने:

३०क्ष + ३०य ≤ २७०
१०क्ष + २०य ≤ १४०

दोन्हींची बेरीज करा:

४०क्ष + ५०य ≤ ४१०

डावीकडे आहे तो आपला नफाच. म्हणजे या बचत गटाने डबे कसेही भरले तरी ४१० च्या वर एक रुपया मिळणे नाही. (४, ५) ला नेमके ४१० मिळतात. वाद मिटला. ज्याला ४४० हवेत त्याने या तीन ओळींत चूक काढून दाखवावी.

हे ३० आणि १० मी कुठून आणले, हे शेजारच्या मुलीने लगेच विचारले, आणि तिने ते विचारले म्हणून मला बरे वाटले. नफ्यात क्ष आणि य चे जे सहगुणक आहेत, ४० आणि ५०, ते डब्यांच्या आणि लाडवाच्या अटींतून जमवायचे: डब्यांच्या अटीची पट अधिक लाडवाच्या अटीची पट बरोबर ४०, डब्यांची पट अधिक लाडवाच्या पटीची दुप्पट बरोबर ५०. नववीतली एकसामयिक समीकरणे. चिवड्याची अट घेतलीच नाही, कारण चिवडा उरतो आहे. उरणाऱ्या मालाला भाव नाही. आणि या ३० चा अर्थ मोठा मजेदार आहे. गटाला एक रिकामा डबा जास्तीचा मिळाला तर नफा ३० रुपयांनी वाढेल. ४१० आणि ३० किती? ४४०! म्हणजे पुरवणीतले उत्तर डबे दहा असतील तर बरोबर आहे. शेजारच्या दुकानातून ३० रुपयांच्या आत एक डबा भाड्याने मिळत असेल तर गटाने जरूर आणावा. अकरावा मात्र आणू नये; चिवडा आणि लाडू दोन्ही संपलेले असतील, तो रिकामाच राहील. असे बघितले की असमानता हा रंगकामाचा धडा राहत नाही, धंद्याचा होतो. मुलीने हे घरी जाऊन आईला सांगितले. तिची आई खरोखरच बचत गटात आहे.

उत्तर शोधणे आणि उत्तर तपासणे यांच्या कष्टांत किती फरक असतो याचा एक जुना दाखला आहे. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये प्रश्न मांडला की ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटकांची गरज भागेल असा माणसाचा स्वस्तातला स्वस्त आहार कोणता. जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने १९४७ मध्ये अशी गणिते सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली, ती याच प्रश्नावर चालवून पाहिली गेली. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. पण निघालेल्या आहारात पदार्थ उरले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते नऊ अटींत घालून बघायला एक सकाळ पुष्कळ. पुढे १९८४ मध्ये आपल्या नरेंद्र करमरकरांनी, ग्वाल्हेरला जन्मलेल्या आणि आयआयटी मुंबईत शिकलेल्या, अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना नवी पद्धत दिली. डँट्झिगची पद्धत कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. करमरकरांची आतून वाट काढते, प्रत्येक पावलाला सगळ्या असमानता पाळत. शोधण्याच्या पद्धती अशा बदलत गेल्या, तपासायची एकच राहिली: आकडे घाला, बेरीज करा, चिन्ह बघा. करमरकरांचे नाव बारावीच्या किती वर्गांत घेतले जाते, हा प्रश्न मी इथे विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे.

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. २०२२ मध्ये त्यांची पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने भार हलका करताना अकरावीतून दोन चलांतल्या असमानतांचे आलेख काढून टाकले. एका चलातल्या, संख्यारेषेवरच्या तेवढ्या ठेवल्या. बारावीत लिनिअर प्रोग्रॅमिंग मात्र आहेच. म्हणजे जिना काढला आणि माडी ठेवली. अर्धप्रतल (रेषेच्या एका बाजूचा सगळा भाग) म्हणजे काय, बिंदू का तपासायचा, हे निवांत शिकायची जागाच गेल्यावर ती मुले बारावीत थेट मंत्रच पाठ करणार, दुसरे काय करतील? आपल्या राज्याच्या अकरावी वाणिज्यच्या पुस्तकात हे प्रकरण स्वतंत्र आहे, ही चांगली गोष्ट आहे. ते शेवटी ठेवून जानेवारीत दोन तासांत गुंडाळले जाते, ही तितकी चांगली नाही.

गुणांचेही बोलले पाहिजे. रेषांना गुण असतो, छायांकनाला असतो, कोपऱ्यांच्या कोष्टकाला असतो, शेवटच्या उत्तराला असतो. पडताळ्याला गुण मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. जिथे गुण नाही तिथे मुले वेळ घालवत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. शिक्षकमित्र म्हणतील, तीन तासांत ८० गुणांचा पेपर, त्यात हे कुठे बसवायचे? अहो, तीन अटींत एक बिंदू घालायला तीन ओळी लागतात. स्केचपेनने फिजिबल रीजन (सगळ्या अटींत बसणारा भाग) रंगवायला मुले याच्या चौपट वेळ घालवतात. दोन पेपरांत तर मी चमकी लावलेली पाहिली आहे. रंगकामातला अर्धा गुण कापा आणि पडताळ्याला द्या. एका वर्षात क्लासवाल्यांचा मंत्र बदलेल. गुण कुठे आहे हे त्यांच्याइतके चटकन कोणाला कळत नाही.

आपल्याकडे माझे मागणे लहान आहे. येत्या पुरवणीत चूकभूल म्हणून बरोबर उत्तर (४, ५) आणि ४१० असे छापावे. तेही कोपऱ्यात बारीक टायपात नको. मूळ उदाहरण ज्या जागी होते तिथेच यावे, म्हणजे ज्यांनी कात्रण काढून वहीत चिकटवले आहे त्यांना त्यावर चिकटवता येईल. यापुढे प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणाखाली ‘पडताळा’ अशी ओळ द्यावी आणि त्यात उत्तर मूळ अटींत घालून दाखवावे. आलेख निदान दोन कॉलम रुंद छापावा आणि रेषा बारीक ठेवाव्यात.

उदाहरणे छापण्याआधी कोणाकडून तपासून हवी असतील तर माझ्याकडे पाठवा. दुपारी तीननंतर मी मोकळीच असते. मानधन नको. पुरवणीचा एक जादा अंक मात्र हवा, कारण आमच्या घरच्या अंकाचा कोरा समास भावजी पेंडीच्या हिशेबाला फाडून नेतात.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
तासगाव, जि. सांगली